मागाच्या खोलीत पूल टेबल

आमच्या घराच्या तळमजल्यावर पूर्वी माग चालायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच घरांसारखंच, खाली माग आणि वर संसार. पुढे माग विकले, काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलं आणि खाली लांबरुंद खोली मोकळी राहिली. मुलगी पुण्याला शिकायला गेली, तिथं पूल, म्हणजे काठीनं चेंडू मारून टेबलाच्या कडेच्या भोकांत (पॉकेटमध्ये) घालायचा खेळ, खेळायला लागली आणि दर सुट्टीत एकच विषय काढायला लागली, की खाली टेबल घेऊया. मी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी बघते. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटलं की ती उलटी करून, आतून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. टेबलाच्या बाबतीत या सवयीचा फार उपयोग झाला, कारण पूल टेबलाचा चांगुलपणा जवळजवळ सगळा कापडाच्या खाली असतो. दुकानात मात्र दाखवतात ते पायांवरची नक्षी आणि पॉलिश.

पण दुकानाच्या आधी खोली. टेबल 7, 8 किंवा 9 फुटी म्हणून विकतात. आपल्याला लागतं ते आतलं खेळायचं माप, म्हणजे एका कुशनच्या (कडेच्या रबरी पट्टीच्या) टोकापासून समोरच्या कुशनच्या टोकापर्यंत. 9 फुटीचं हे माप 100 बाय 50 इंच, 8 फुटीचं 88 बाय 44 इंच. लांबी नेहमी रुंदीच्या दुप्पट. नेहमीची क्यू, म्हणजे खेळायची काठी, 58 इंचांची. चेंडू कुशनला चिकटलेला असला तरी क्यू मागे घेता आली पाहिजे, म्हणून या मापात दोन्ही बाजूंना एकेक क्यू मिळवायची. 8 फुटीला 17 फूट बाय 13 फूट 4 इंच मोकळी जागा लागते ती अशी. शिवाय हात मागे न्यायला थोडी जागा हवीच. आमची खोली 18 बाय 14. कागदावर 9 फुटी टेबलही बसत होतं, पण मग भिंतीला कोपर घासत खेळावं लागलं असतं आणि बघणाऱ्याला खुर्ची टाकायलाही जागा उरली नसती. आम्ही 8 फुटी ठरवलं. खोली थोडी लहान असेल तर 48 इंची आखूड क्यू मिळते, एखाद्या अडचणीच्या कोपऱ्यासाठी ती ठीक. पण चारी बाजूंनी आखूड क्यूच वापरावी लागणार असेल तर सरळ 7 फुटी टेबल घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिरांचा आग्रह स्नूकरचा होता. स्नूकर आपल्याच देशात, जबलपूरच्या छावणीत 1875 साली जन्मला, हे ते अभिमानानं सांगतात. पण पूर्ण मापाच्या 12 फुटी टेबलाला साधारण 22 बाय 16 फुटांची खोली लागते. मग त्यांनी मधला मार्ग काढला, की पूल टेबलावरच स्नूकरचे चेंडू ठेवून खेळू. हे करू नका. पूलचा चेंडू 57 मिलिमीटरचा आणि स्नूकरचा 52.5 चा. पूल टेबलाच्या कुशनची धार चेंडूच्या उंचीच्या 63.5 टक्क्यांवर, म्हणजे जमिनीपासून नव्हे तर टेबलाच्या पृष्ठभागापासून 36 मिलिमीटरच्या आसपास बसवलेली असते. लहान चेंडूला ती फार वर लागते, त्याला खाली दाबते आणि तो नीट परत येत नाही. ‘दोन्ही खेळ एकाच टेबलावर’ असं कोणी सांगितलं तर कुशन कोणत्या चेंडूच्या मापानं बसवलंय ते विचारा.

आता जमीन. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, आणि मागाच्या खोलीत ती मोरीकडे उतार देऊनच बसवलेली असते. नुसता उतार फारसा त्रासाचा नाही, टेबलाच्या पायांचे लेव्हलर तो भरून काढतात. त्रास पोकळ फरशीचा. दगडी टेबलाचं वजन 350 ते 400 किलो सहज होतं, म्हणजे चार पाय असतील तर एकेका पायाखाली क्विंटलभर भार. जिथं पाय येणार तिथली फरशी नाण्यानं वाजवून बघावी. पोकळ बोलली तर ती काढून खाली पक्कं भरून घ्यावं. आमच्या दोन फरश्या अशा निघाल्या, गवंड्यानं आधीच नीट करून दिल्या. वरच्या मजल्याचा प्रश्न अनेक जण विचारतात. राहत्या घराचा आरसीसी स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून डिझाइन करतात. टेबलाचं वजन त्याच्या सगळ्या क्षेत्रावर वाटलं तर त्याहून कमी भरतं, तरी पाय कुठं येतात ते इंजिनिअरला दाखवलेलं बरं. माळवदाच्या जुन्या घरात मात्र वर टेबल चढवायचा विचारही करू नये.

सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मागावर आयुष्य काढलेला माणूस. ते पूल कधी खेळले नाहीत, पण मी माहिती वाचून दाखवायला लागले तसे म्हणाले, “दगड बघ आधी. कापड काय, नंतर बदलता येतंय.” सगळ्या निवडीचं सार त्यात होतं.

चांगल्या टेबलाचा तळ स्लेटचा असतो. आपण लहानपणी ज्या पाटीवर अक्षरं गिरवली त्याच जातीचा हा दगड. तो थरांमध्ये सपाट फुटतो, बारीक कणांचा असतो, घासून एकसारखा करता येतो, आणि हवेतल्या ओलीनं वाकत नाही. स्पर्धेच्या टेबलाच्या नियमांत तळ लांबीत अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणि रुंदीत पाव मिलिमीटरच्या आत सपाट लावता आला पाहिजे, असं म्हटलंय. लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीकडून, म्हणजे एमडीएफकडून, ही अपेक्षाच करता येत नाही. त्यातून आपलं सोलापूर. एप्रिल-मेमध्ये बाहेर रणरण ऊन, आत दिवसभर कूलर. एमडीएफचा तळ त्या ओल्या वाऱ्यानं फुगतो, मग मधे खोलगट होतो, आणि एकदा गेला की गेला. मला एका दुकानात ‘स्लेट’ हा शब्द नावात असलेला, पण प्रत्यक्षात फळीवर प्लास्टिकचा थर दिलेला तळ दाखवला. बोलणं इतकं सफाईदार होतं की नवख्या माणसाला कळणार नाही. याला सोपा उपाय आहे. टेबलाच्या पॉकेटमध्ये हात घालून तळाची कड चाचपायची, मोबाइलचा टॉर्च लावून बघायची. दगड असेल तर गार, करडी, जड कड हाताला लागते आणि जाडीही तिथंच मोजता येते. एक इंच जाडी उत्तम, घरच्या 7-8 फुटी टेबलाला पाऊण इंचही चालतो. त्याखाली जाऊ नये.

दगड अखंड घ्यावा की तीन तुकड्यांचा? मला आधी अखंडच चांगला वाटला होता, जोड नको म्हणून. पण 8 फुटीची इंचभर जाड स्लेट 200 किलोच्या वर जाते. आमच्या गल्लीत टेम्पोच आत येत नाही, अखंड दगड दारातून आत नेणार कसा? तीन तुकडे केले की एकेक 70 किलोच्या आसपास, दोन-तीन माणसं उचलतात. शिवाय प्रत्येक तुकडा वेगळा लेव्हल करता येतो, मग खिळांनी जुळवून सांधे मेणानं भरतात आणि खरवडून सपाट करतात. नीट बसवला तर सांध्यावरून जाणारा चेंडू काहीच सांगत नाही. अट एवढीच, की प्रत्येक सांध्याच्या बरोबर खाली आडवं लाकूड पाहिजे. हे टेबलाखाली वाकून बघा. दुकानदाराला अवघडल्यासारखं झालं तरी वाका. आपल्याकडे संगमरवराच्या तळाची टेबलंही पुष्कळ बनतात. तो पुरेसा जाड, नीट घासलेला आणि खालून चांगला आधार दिलेला असेल तर घरच्या खेळाला मला त्यात गैर वाटत नाही. फळीपेक्षा तर शंभर पटीनं बरा.

खालचा सांगाडा भरीव लाकडाचा घ्या, आणि जुन्या घरात वाळवीचं औषध आधी मारून घ्या. यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कुशन डोळ्यांनी कळत नाही, खेळूनच कळतं. चेंडू लांबीत सरळ, मधोमध जोरात मारा. चांगल्या टेबलावर तो न उसळता चार-साडेचार लांब्या कापतो. मग चेंडू हातानं लोटून कुशनच्या प्रत्येक भागावर आपटा आणि ऐका. कुठं बद्द आवाज आला, कुठं चेंडू मेल्यासारखा परतला, तर तिथं रबर सुटलंय किंवा बोल्ट सैल आहे. सहाही कुशन सारखी बोलली पाहिजेत. रबर नैसर्गिक आहे का आणि पुढं बदलायचं झालं तर त्याच आकाराचं मिळेल का, हे बिलाआधी विचारून घ्या.

आणि कापड. इथं मी दुकानदाराला सोडलं नाही. याला आपल्याकडे हिरवी बनात म्हणायची पद्धत, पण बनातीतही दोन प्रकार. एकीवर लव असते, मखमलीसारखी एका दिशेला बसवलेली. स्नूकरला आणि इंग्लिश पद्धतीच्या पूलला ती चालते. दुसरी वर्स्टेड, म्हणजे विंचरलेल्या लोकरीच्या घट्ट सुताची, लव नसलेली. एट-बॉल, नाइन-बॉल अशा अमेरिकन पूलला ही हवी, चेंडू वेगानं आणि सरळ पळतो. स्पर्धेच्या नियमांत किमान 85 टक्के विंचरलेली लोकर आणि फार तर 15 टक्के नायलॉन असं मिश्रण दिलंय. आमचा सगळा जन्म सुताचा पीळ मोकळा ठेवून टॉवेलचे लूप फुगवण्यात गेला, म्हणून उलट काम करणारं हे कापड हातात घेऊन मी बराच वेळ पिकग्लासखाली, म्हणजे धागे मोजायच्या भिंगाखाली, बघत बसले. उभा-आडवा धागा इतका दाटीनं बसलेला, की खालचा उजेड दिसत नाही. बेल्जियममधल्या व्हर्विए गावातली सिमोनिसची गिरणी हे कापड बनवण्यात जगभर नावाजलेली आहे आणि ती स्वतःची सुरुवात 1680 सालापासून मोजते. आमच्या सोलापूरची जुनी मिल 1877 ची. ती बंद पडल्याचं दुःख या शहरात अजून आहे, आणि एक गिरणी तीनशे वर्षं लोकरीच्या कापडाच्या मागे लागून टिकते हे वाचून मला भरून आलं.

कापड खरंच लोकरीचं आहे का, याची परीक्षा घरी होते. कडेचे चार धागे मागून घ्या आणि जाळा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळून त्याची टणक गुठळी होते. मिश्रणात दोन्ही दिसतं, पण नुसतीच गुठळी झाली तर ते कापड लोकरीच्या भावानं घेऊ नका. बसवताना कापड ताणून बसलं पाहिजे. तळहात दाबून सरकवला तर सुरकुती पुढं पळता कामा नये. रंगाबद्दल मुलीला निळा हवा होता, निळाच घेतला.

चेंडू फेनॉलिक रेझिनचे, म्हणजे एका टणक प्लास्टिकचे, घ्या. बेल्जियमच्या सालुक कंपनीचे अरॅमिथ हे त्यातलं माहितीतलं नाव. स्वस्त पॉलिस्टरचे चेंडू लवकर झिजतात, आणि झिजलेला पांढरा चेंडू बाकी पंधरांपेक्षा हलका झाला की खेळाचा हिशोबच बिघडतो. पूलचा चेंडू 156 ते 170 ग्रॅमचा असतो. आमच्या कारखान्यात कापडाचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, काढायचा बारीक काटा आहे, त्यावर मी सोळाही चेंडू तोलून मगच पैसे दिले. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी ओळखीच्या सराफाकडे न्यावेत.

वर जेवणाची फळी टाकता येणाऱ्या टेबलाबद्दल मैत्रिणीनं विचारलं होतं. मला ते पटलं नाही. रस्सा, शेंगाचटणीचं तेल आणि लोकरीचं कापड यांच्यात फळीचाच काय तो आडोसा, आणि दर वेळी ती फळी उचलून भिंतीला टेकवायला दोन माणसं. घर लहान असेल आणि तेवढाच पर्याय असेल तर घ्या, पण दगडाचा तळ सोडू नका.

जुनं टेबल मिळत असेल तर ते मनापासून बघावं. एखादा पूल पार्लर बंद होतो तेव्हा टेबल निम्म्या भावात निघतं. दगडाला वय नसतं. कड फुटलेली नाही ना, तडा नाही ना एवढं तपासायचं, आणि नवीन कापड व कुशनचा खर्च धरून मग भाव ठरवायचा.

टेबल आल्यावर खिडकीचं थेट ऊन कापडावर पडू देऊ नका, रंग उडतो. कूलरचं तोंड दुसरीकडे फिरवा, दमट कापडावर चेंडू जड होतो. आपल्याकडच्या धुळीला खेळ झाल्यावर ब्रश आणि मग झाकण, दोन्ही पाहिजेत. दिवा टेबलाच्या बरोबर वर, लांबट, म्हणजे चेंडूची सावली पडत नाही.

सगळ्यात जास्त घासाघीस मी किमतीवर नाही, फिटरवर केली. सोलापुरात टेबल बसवणारा कारागीर सहज मिळत नाही, तो पुण्याहून किंवा हैदराबादहून येतो. बसवतानाची लेव्हल बारीक पाणसळ लावून आपल्यासमोर घेतली पाहिजे. दगडाच्या वजनानं सांगाडा पुढचे काही आठवडे थोडाफार बसतो, म्हणून त्याच फिटरनं दोन-तीन महिन्यांनी परत येऊन लेव्हल बघायची, आणि त्याचं येणं-जाणं धरून रक्कम किती हे बिलावरच लिहून घ्यायचं. आमच्या बिलावर ते लिहिलेलं आहे, आणि तो संक्रांतीनंतर, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की येणार आहे.