घटस्फोटानंतर माझं नाव कागदोपत्री परत घेताना

आपल्याकडे लग्नानंतर बाईचं फक्त आडनाव बदलत नाही. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि काही घरांत पहिलं नावसुद्धा नवीन ठेवतात. म्हणजे घटस्फोटानंतर मूळ नावावर यायचं तर किमान दोन शब्द बदलायचे, आणि ते दोन शब्द प्रत्येक कागदावर निराळ्या पद्धतीने बसलेले असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. मी यातून गेले आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि याच वाटेवर असलेल्या बायकांसाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही, आणि घटस्फोट झाला म्हणून ते परत फिरवायलाच हवं असाही नाही. माझ्या ओळखीतल्या दोघींनी मुलांसाठी आणि व्यवसायातल्या ओळखीसाठी लग्नानंतरचंच आडनाव ठेवलं. त्यात काही कमीपणा नाही. मला मात्र माझं नाव परत हवं होतं. रोज ऑफिसात सही करताना, फोनवर नाव सांगताना, ज्या नात्यातून मी बाहेर पडले होते तेच नातं दर वेळी उच्चारावं लागत होतं. ते मला नको होतं.

पहिला प्रश्न होता, परत घ्यायचं ते नाव नेमकं कोणतं? मधे वडिलांऐवजी आईचं नाव लावावं असं माझ्या मनात फार होतं. मला वाढवलं तिने. वकीलबाईंनी शांतपणे समजावलं की तसं करता येतं, राजपत्रात, म्हणजे सरकारच्या अधिकृत प्रकाशनात, कोणतंही नाव जाहीर करता येतं, पण ते सर्वस्वी नवीन नाव ठरेल आणि त्याच्या बाजूने बोलणारा एकही जुना कागद माझ्याकडे नसेल. जन्माच्या नावावर परत गेले तर शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवी हे सगळं आपोआप माझ्या बाजूने उभं राहतं. मी जन्माचंच नाव निवडलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, काम सोपं होतंय ना, मग झालं." तरी ज्यांची तयारी असेल त्यांनी आईचं नाव जरूर लावावं. कागद थोडे जास्त लागतील, एवढंच.

नाव ठरलं की एका कोऱ्या कागदावर ते मराठीत आणि इंग्रजीत लिहून काढा, अक्षरन् अक्षर. इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तेच धरा. पुढे प्रत्येक अर्ज त्या कागदावरूनच भरा. आडनावात एखादं 'ए' किंवा 'एच' कमी-जास्त झालं की संगणकासाठी ती वेगळीच व्यक्ती होते, आणि ते निस्तरायला जो वेळ जातो तो मूळ कामापेक्षा जास्त असतो.

घटस्फोट परस्परसंमतीने होत असेल आणि अजून निकाल लागला नसेल, तर वकिलांना सांगून कन्सेंट टर्म्समध्येच, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींमध्येच, एक ओळ घालून घ्या: पत्नी यापुढे आपलं विवाहापूर्वीचं नाव वापरेल, आणि ते नाव पूर्ण लिहा. ही एक ओळ पुढे फार उपयोगी पडते, कारण न्यायालयाच्या कागदावरच जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी येतं. निकाल लागल्यावर त्याच्या प्रमाणित प्रती, म्हणजे सर्टिफाइड कॉपी, एकाहून जास्त मागून घ्या. साधी झेरॉक्स बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि नंतर नकलेसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढायला मन घेत नाही.

मग राजपत्र, ज्याला सगळे गॅझेट म्हणतात. महाराष्ट्र शासन राजपत्र हे शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय काढतं. मुंबईत चर्नी रोडला त्यांचं मुख्य कार्यालय आहे, पण तिथे जायची गरज नाही, अर्ज ऑनलाइन होतो. नावबदलाच्या सूचना साप्ताहिक राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापल्या जातात. त्याच्या माथ्यावर 'गुरुवार ते बुधवार' असा आठवडा लिहिलेला दिसेल. मी कारणात घटस्फोट लिहिलं आणि निकालाची प्रत जोडली. अर्ज पाठवण्याआधी मैत्रिणीला मोठ्याने वाचायला लावला. हे तुम्हीही करा, कारण छापून आलं की ते छापून आलं. राजपत्र प्रसिद्ध झाल्यावर त्याची पीडीएफ उतरवून घ्या, स्वतःला मेल करून ठेवा आणि तुमची सूचना ज्या पानावर आहे त्याच्या काही प्रती काढून ठेवा.

याच काळात एका खिडकीवर मला सांगण्यात आलं की नवऱ्याचं ना-हरकत पत्र आणा. घटस्फोटाचा निकाल हातात असताना! मला त्या क्षणी रडू आलं होतं, पण मी एवढंच म्हटलं की हे कोणत्या नियमात आहे ते मला लेखी द्या. तसा नियम निघाला नाही आणि अर्ज घेतला गेला. माहेरचं आडनाव परत लावणाऱ्या स्त्रीकडे पतीची ना-हरकत किंवा घटस्फोटाचा निकाल मागणाऱ्या केंद्र सरकारच्या अटीला २०२४ मध्ये एका महिलेने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. ती बातमी वाचली तेव्हा मला फार आधार वाटला. घटस्फोट झालेल्या बाईने पूर्वीच्या नवऱ्याची परवानगी आणावी ही मागणी कोणी केलीच, तर मान खाली घालून परत येऊ नका.

पुढचा क्रम मी असा ठेवला: आधी आधार, मग पॅन, मग बँक, आणि बाकीचं सगळं त्यानंतर. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर एकदा बदललं असेल तर ही दुसरी आणि शेवटची सरळ संधी, म्हणून केंद्रातून मिळालेली पावती तिथेच उभं राहून तपासा. आणखी एक, नाव बदललं तरी पत्त्याच्या सुरुवातीला असलेलं नवऱ्याचं नाव आपोआप जात नाही. तो पत्त्याचा भाग धरला जातो. त्याच खेपेला पत्त्याचा तपशीलही बदलून घ्या.

पॅनच्या बाबतीत मला एक गोष्ट कळली, ती मनात राहिली. पॅन क्रमांकातलं पाचवं अक्षर हे क्रमांक काढताना असलेल्या आडनावाचं आद्याक्षर असतं, आणि नाव कितीही बदललं तरी क्रमांक बदलत नाही. माझं पॅन लग्नाआधीचं. मधल्या सगळ्या वर्षांत कार्डावरचं नाव वेगळं होतं, पण क्रमांकात माझ्या माहेरच्या आडनावाचं अक्षर तसंच होतं. पॅनवर विवाहित स्त्रीचंही वडिलांचंच नाव छापतात, त्यामुळे तिथे फक्त माझं नाव बदलायचं होतं. आधार आणि पॅनवरचं नाव जुळलं की बँक, पीएफ, प्राप्तिकराचा परतावा हे सगळं सुरळीत होतं. जुळलं नाही तर प्रत्येक ठिकाणी अडतं.

मतदार यादीसाठी नमुना ८ भरला, तो सोपा आहे. पासपोर्टसाठी नवीन तपशिलासह पुन्हा पासपोर्ट काढावा लागतो. त्यात जोडीदाराचं नावही काढून टाकता येतं. प्रवासाचं तिकीट आधीच काढलेलं असेल तर पासपोर्टला प्रवासानंतरच हात लावा, कारण तिकिटावरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकच लागतं.

मुलीच्या कागदांवर काय होणार याची धास्ती होती. तिच्या नावात वडिलांचं नाव आहे, ते तसंच राहिलं आणि ते तिचं आहे. शाळेला मी फक्त माझं नाव बदलल्याचं पत्र आणि राजपत्राची प्रत दिली. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम असेल. मी इतके दिवस धावत होते ते स्वतःच्या नावासाठी, पण आता आईचं नाव मुलांच्या नावाला लागूनच येणार हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि नाव बदललं म्हणून वारसनोंद बदलत नाही. पीएफ, विमा, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, सगळीकडे नॉमिनी म्हणून पूर्वीच्या नवऱ्याचं नाव तसंच बसलेलं असतं. ते प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज करून बदलावं लागतं, आणि माझ्या मते आडनावाच्याही आधी हे करावं. घराचं जुनं खरेदीखत मात्र जुन्याच नावाने राहतं. त्याच्यासोबत राजपत्राची प्रत आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लावून ठेवा. घर विकायची वेळ आली की समोरचा वकील पहिल्यांदा तेच मागतो.