लोस आंदेस: मीठ, गंधक आणि मोजकी गावं

गेले काही महिने रात्री जेवण झालं की मी एकच नकाशा उघडून बसतोय. अर्जेंटिनाच्या वायव्य कोपऱ्यात साल्टा प्रांत आहे, त्यातला चिलीच्या सीमेला लागलेला लोस आंदेस नावाचा भाग, तिकडे याला देपार्तामेंतो म्हणतात, आपण तालुका म्हणू. तालुका म्हणतोय खरा पण आकार २५ हजार चौरस किमीच्या वर, म्हणजे आपल्या अख्ख्या नगर जिल्ह्याच्या दीडपट, आणि माणसं २०१० च्या जनगणनेत जेमतेम सहा हजार! त्यातलीही बहुतेक एकट्या सान अँतोनियो दे लोस कोब्रेसमध्ये, जे ३,७७५ मीटरवर आहे आणि कोब्रेस म्हणजे तांबं, तेव्हा नावातच सगळं आलं.

हा सगळा पुना, म्हणजे अँडीजमधलं उंच कोरडं पठार. पाऊस नावाला, झाडं नाहीतच, तोला नावाची खुरटी झुडपं आणि मधे मधे सालार, म्हणजे मिठाची पांढरीफेक मैदानं. सगळ्यात मोठं आरिसारो, त्यातून कोनो दे आरिता नावाचा काळा सुळका असा वर आलाय की कुणी मुद्दाम रचून ठेवलाय असं वाटतं. पश्चिमेला सीमेवर यूयायाको ज्वालामुखी, ६,७३९ मीटर, त्याच्या माथ्याजवळ १९९९ मध्ये इंका काळात बळी दिलेली तीन मुलं सापडली, थंडीमुळे जशीच्या तशी. तो फोटो एकदा पाहिला आणि परत उघडायची हिंमत झाली नाही.

पण मला खरं सांगायचंय ते गावांबद्दल. नकाशावर नावं नीट बघितली की कळतं की अर्धी नावं गावांची नाहीतच, रेल्वे स्टेशनांची आहेत. साल्टाहून चिलीच्या सीमेवरच्या सोकोम्पा खिंडीपर्यंत ही लाइन १९४८ मध्ये पूर्ण झाली, पोलवोरियाचा तो प्रसिद्ध पूल याच लाइनवर, ४,२०० मीटरच्या वर. ओलाकापातो, तोलार ग्रांदे, काइपे, ही सगळी या लाइनवरची. तोलार ग्रांदेत एकेकाळी रेल्वेची भरपूर माणसं राहायची, मग गाड्या कमी झाल्या तशी वस्तीही आटली, आता दोनशेच्या आसपास. काइपेत तर आता कुणीच नाही.

आणि ला कासुआलिदाद! नावाचा अर्थ योगायोग. गंधकाच्या खाणीची वसाहत, चार हजार मीटरवर, हजारो माणसं, शाळा, चर्च सगळं. १९७९ मध्ये खाण बंद केली आणि सगळ्यांना घरं सोडावी लागली. सॅटेलाइटमध्ये अजून सरळ रेषेत घरांच्या भिंती दिसतात, छपरं नाहीत, मी झूम करून करून बघतो आणि दर वेळी पोटात कालवतं, कारण तिथे जन्मलेल्यांना आज आपलं गाव दाखवायचं तर फक्त भिंतीच दाखवता येणार.

याउलट सांता रोसा दे लोस पास्तोस ग्रांदेस बघा. पास्तोस ग्रांदेस म्हणजे मोठी कुरणं. जिथे झऱ्याचं पाणी वर येतं तिथे हिरवा ओला पट्टा तयार होतो, त्याला वेगा म्हणतात, त्यावर लामा नावाची, उंटाच्या कुळातली जनावरं चरतात आणि लामांच्या मागे माणसं राहतात. हे कोया, म्हणजे तिकडचे मूळ रहिवासी लोक, १ ऑगस्टला जमिनीत खड्डा करून पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, जेवण, कोकाची पानं, दारू देतात, आपल्याकडे जमिनीची ओटी भरावी तसं. रेल्वे आली नव्हती तेव्हाही पुनावर माणसं अशीच, वेगाच्या कडेनं राहायची.

आता लिथियम आलंय. सालारखालचं खारं पाणी उपसून ते काढतात, रिंकोन नावाच्या सालारमधला लिथियम प्रकल्प २०२२ मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीनं विकत घेतला, आणि शेजारच्या काटामार्का प्रांतात २०२४ मध्ये भारताच्या सरकारी कंपनीनंही पाच ब्लॉक घेतलेत, त्यामुळे उद्या माझ्या स्कूटरच्या बॅटरीतही या पठाराचा अंश असू शकतो. रोजगार हवाच आहे तिकडच्या पोरांना, ते मी इथे बसून नाकारणार नाही. पण सालारच्या कडेला झऱ्याच्या पाण्यावर जगणारा जो हिरवा पट्टा आहे तो बारीक आहे हो, फार बारीक, मी रोज आधी तोच शोधतो.