गौताळ्याला जायचंय? आधी पाण्याचा हिशोब मांडा

गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातली पायपीट ठरली की लोक आधी गाडी आणि जेवण ठरवतात. संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडच्या या डोंगरात घोळ होतो तो मात्र पाण्यामुळे. कधी ते अंगावर येतं म्हणून, कधी औषधालाही मिळत नाही म्हणून.

सातमाळा-अजिंठा रांगेतलं हे रान पानगळीचं आहे. उन्हाळा लागला की सागाची पानं गळालेली, सावली नाही, ओढे कोरडे. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सप्टेंबरचा मध्य ते डिसेंबर हाच काळ धरावा. धबधबा पाहायचा तर सप्टेंबर, निवांत चालायचं तर नोव्हेंबर. भर पावसात घाटाचा भरवसा धरू नका. 2021च्या ऑगस्टअखेरीस दरडी कोसळून कन्नड घाट बंद पडला होता. निघायच्या आदल्या दिवशी रस्ता आणि वनविभागाचा प्रवेश, दोन्ही चालू आहेत का ते विचारून घ्या.

संभाजीनगरहून कन्नड साधारण 60 किलोमीटर. तांबडं फुटायच्या आत निघा. पितळखोऱ्याची लेणी, पाटणादेवीचं देऊळ आणि अंतूर किल्ला एकाच दिवसात कोंबू नका, एकही धड होत नाही. माझं मत विचाराल तर पहिला दिवस पितळखोऱ्याला द्या. इथल्या एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं दान कोरलेलं आहे. आपल्या पैठणचा माणूस दोन हजार वर्षांपूर्वी या दरीत पोचला होता, हे तिथं उभं राहून वाचायला हवं.

इथं उतार आधी आणि चढ शेवटी. जाताना सोपं वाटतं, मग भर दुपारी, पाणी संपत आलेलं असताना पायऱ्या चढायची वेळ येते. म्हणून माणशी 3 लिटर पाणी घ्या आणि त्यातलं निम्मं चढासाठी राखून ठेवा. एक लिटर पाण्यात ओआरएसची मोठी पुडी पूर्ण विरघळवून वेगळ्या बाटलीत भरा. अर्धी पुडी अंदाजानं टाकली की प्रमाण बिघडतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिवसभर टिकते. वानरं पिशवी हिसकतात, म्हणून खाणं सॅकच्या आत ठेवा.

बुटाचा तळ घासलेला असेल तर ओल्या शेवाळावरून पाय सटकतोच, आणि कोरड्या दिवसांत सुट्या मुरमावरूनही. उतरण्याआधी नाडी घोट्यापाशी आवळा, नाहीतर बोटं पुढं आपटून नखं काळी पडतात.

ओढ्यात उतरलात तर पाण्यावर नजर ठेवा. तळ दिसणारं पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, तर वर कुठंतरी पाऊस झालेला असतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. सामान गोळा करत बसू नका, लगेच काठावर उंच जागी चढा. दोर धरून पलीकडं जायचा प्रयत्न नको. पाणी ओसरेपर्यंत थांबा. आणि थांबताना लेण्यांच्या पुढं आलेल्या कातळाखाली बसू नका. पाणी मुरून इथल्या कितीतरी दर्शनी भिंती ढासळल्या आहेत.