मामांचा जून

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या त्या बर्फाच्या फॅक्टरीत मी एनर्जी ऑडिटला, म्हणजे वीज कुठे वाया जाते ते तपासायला, गेलो डिसेंबरात. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातली ऑडिटची सक्ती मोठ्या कारखान्यांना. एवढ्याशा फॅक्टरीला कोण विचारतो? बिलाला वैतागून शेठनीच बोलावलं होतं.

गारवा करणारा अमोनिया वायू दाबणाऱ्या कंप्रेसरचा डिस्चार्ज गेज, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब, २२० पौंड दाखवत होता. तो वायू थंड करणारं कूलिंग टॉवरचं पाणी गार होतं, त्या हिशेबाने १८० च्या आसपास पुरे. म्हणजे कंडेन्सर, जिथे पाण्याच्या नळ्यांवर वायू थंड होऊन द्रव होतो, तो चोंदलेला, वर अमोनियात हवा शिरलेली. वायूचा द्रव होण्याचं, म्हणजे कंडेन्सिंगचं, तापमान एक अंश चढलं की कंप्रेसर दोन-तीन टक्के जास्त वीज खातो. इथे सहा अंश चढलेलं.

"मामा, नळ्या कधी साफ केल्या होत्या?"

मामा म्हणजे ऑपरेटर. त्यांनी खिडकीतला एक पांढरा तुकडा आणून माझ्या तळहातावर ठेवला. क्षाराचा पापुद्रा, करवंटीच्या कपच्यासारखा टणक, नळीची गोलाई जशीच्या तशी. "तेव्हा काढलेला. चार वर्षं झाली."

सीझनला मशीन बंद ठेवायची सोय नाही. बोटी निघायच्या वेळी बर्फाच्या लाद्या तयार नसल्या तर तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, शिव्या मामांनाच. विजेचं बिल मात्र मामांनी कधी पाहिलेलंच नाही. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, फॅक्टरीही बंद. तेव्हा का नाही करत?

"जूनला मी हितं असतो कुठं, साहेब? बंदीचे दोन महिने पगार नाय. गावाला जातो, लावणीला."

आणि मी इतकी वर्षं प्रत्येक अहवालात 'देखभालीचा अभाव' एवढंच चिकटवत आलो होतो!

संध्याकाळी शेठसमोर हिशेब मांडला. वर्षाला २८ हजार युनिट, म्हणजे पावणेतीन लाख वाचतील. खर्च मामांचे दोन पगार, ३० हजार; ब्रश आणि अ‍ॅसिड वेगळं.

"बसून पगार द्यायचा?" शेठ म्हणाले. "त्यापेक्षा एखादं मशीन सांगा ना. त्याला लोन तरी मिळतं."

अहवालात गुंतवणुकीच्या रकान्यात मी 'ऑपरेटरचा जून-जुलैचा पगार' असं लिहिलं. ऑफिसातून फोन आला, तिथे उपकरणाचं नाव लागतं. मग खोडून 'ट्यूब क्लीनिंग मशीन' लिहिलं.

शेठनी ते मे महिन्यात घेतलंही. जूनला मामा लावणीला गेले.