तुम्ही विचारलंत म्हणून: मी झोपलेली असते तेव्हा फोटो कोण काढतं?

आकाशाचे फोटो काढणाऱ्या माझ्या आपोआप चालणाऱ्या वेधशाळेवरून हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. कधी भाचा विचारतो, कधी ऑफिसातलं कुणीतरी, आणि परवा तर शेजारच्या काकांनी फाटकाशी उभं राहून विचारला. "म्हणजे तू आत झोपलेली असतेस, छप्पर आपलं आपण उघडतं, दुर्बीण आपली आपण फिरते, फोटो निघतात, छप्पर बंद होतं. मग तो फोटो तू काढलास असं कसं म्हणतेस गं?" काका चिडवत नव्हते, खरंच विचारत होते. मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

वेधशाळा हा शब्द जरा भारदस्त आहे. माझ्याकडे आहे ती घरामागची अडीच बाय अडीच मीटरची एक खोली, जिचं छप्पर चाकांवर बसवलेलं आहे आणि रुळावरून मागे सरकतं. मधोमध काँक्रीटचा खांब, त्यावर माउंट, म्हणजे दुर्बीण पेलणारा आणि फिरवणारा सांगाडा, आणि त्यावर दुर्बीण. घुमट नाही. घुमट दिसतो झकास, पण त्याची फट रात्रभर दुर्बिणीच्या तोंडासमोर फिरवत ठेवावी लागते, म्हणजे आणखी एक मोटर आणि बिघडायला आणखी एक जागा. छप्पर काय, रात्रीतून दोनदाच हलतं. खांब फरशीला कुठेही चिकटलेला नाही, चहूबाजूंनी बोटभर फट सोडलीये, कारण फरशीवर कुणी पाऊल टाकलं तरी तो हादरा खांबात शिरतो आणि फोटोत प्रत्येक तारा शेंगदाण्यासारखा दिसतो. (हे मी आधी फट न सोडता करून बघितलंय, विचारू नका.)

एवढाही हादरा का चालत नाही, तर साधा हिशोब आहे. दुर्बीण १५० मिलिमीटर आरशाची, फोकल लेंथ ७५०. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण १ आर्कसेकंद (एका अंशाचा ३६०० वा भाग) आकाश मावतं. आणि पृथ्वी फिरते म्हणून आकाश सरकतं दर सेकंदाला १५ आर्कसेकंद. माउंट थांबला तर एका सेकंदात तारा १५ पिक्सेल पुढे गेलेला असतो, आणि माझं एकेक एक्स्पोजर असतं ५ मिनिटांचं, तेवढ्यात आकाश चंद्राच्या रुंदीच्या जवळजवळ अडीचपट सरकतं. म्हणून माउंट पृथ्वीच्या उलट दिशेने, आकाशाच्याच वेगाने फिरत राहतो, आणि त्याच्या गिअरमध्ये ज्या बारीक चुका असतात त्या पकडायला शेजारी एक छोटी दुर्बीण आणि कॅमेरा, जो एकाच ताऱ्याकडे टक लावून बसतो आणि तारा जरा हलला की माउंटला ढोसतो. याला गायडिंग म्हणतात.

हे काम पूर्वी माणूस करायचा. मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपरने १८८० साली काढला, ५१ मिनिटांचं एक्स्पोजर. पुढे एक्स्पोजर तासातासांची झाली तेव्हा दुर्बीण फिरवायला घड्याळासारखं यंत्र असायचं, ते चुकायचं, आणि एक माणूस थंडीत कुडकुडत, डोळा आयपीसला लावून, तारा आतल्या बारीक वायरींच्या फुलीवर राहावा म्हणून रात्रभर हाताने दुरुस्त्या करत बसायचा. काकांचा प्रश्न तिथेही विचारता आला असता की, दुर्बीण तर घड्याळाने फिरवली, तुम्ही काय केलंत?

आता रात्रभर होतं काय ते सांगते, भरभर सांगते कारण यातलं बरंचसं हल्ली फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतं. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की खरा काळोख. त्याआधी सेन्सर आभाळाचं तापमान बघतो, निरभ्र आभाळ हवेपेक्षा खूप थंड दिसतं आणि ढग आला की तो फरक झपकन कमी होतो, म्हणजे अंधारातही ढग कळतो. मग छप्पर उघडतं, कॅमेरा स्वतःला उणे १० पर्यंत थंड करतो, दुर्बीण वळते, एक फोटो काढते, त्यातल्या ताऱ्यांचा नकाशा ताडून आपण नेमके कुठे बघतोय ते ओळखते, चुकलं असेल तर सरकते. फोकस, गायडिंग, आणि सुरू. मध्यरात्री कधीतरी लक्ष्य डोक्यावरून पलीकडे उतरायला लागलं की दुर्बीण पोटावरून पाठीवर वळल्यासारखी माउंटच्या दुसऱ्या बाजूला जाते. या वळणावर वायरी अडकतात. अडकतातच. वायर लांब ठेवली तर लोंबते, आखूड ठेवली तर ओढते, आणि मधली लांबी सापडेपर्यंत दोन यूएसबी सॉकेट कामी आले.

फोकसची मात्र गंमत आहे, तिथे थांबते. माझ्या दुर्बिणीला, एफ/५ ला (फोकल लेंथ आरशाच्या पाचपट), फोकस पुढेमागे व्हायची सगळी मुभा पासष्ट-सत्तर मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. आणि दुर्बिणीची नळी पोलादी. रात्र थंड होत जाते तसं पोलाद आकसतं, एवढ्या लांबीला दर अंशामागे साधारण ९ मायक्रॉन. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पारा ८ अंश उतरला तर मुभा संपली, आणि कुणी कशालाही हात लावलेला नाही! पहिल्या वर्षी मी संध्याकाळी फोकस लावून, खूश होऊन झोपायचे आणि पहाटेच्या फोटोत तारे फुगलेले, मला वाटायचं दव असेल. दवही असायचंच, दुय्यम आरशावर, त्याला नंतर हीटर लावला. पण खरं कारण नळी. आता फोकसर, म्हणजे फोकस लावणारी मोटर, पारा दर दीड अंश हलला की स्वतः नऊ ठिकाणी थांबून बघते, तारा किती फुगलाय ते मोजते, त्याचा इंग्रजी व्ही सारखा आलेख काढते आणि तळाशी जाऊन बसते. तो दीड अंश हा आकडा सॉफ्टवेअरने दिलेला नाही, मी आठवडाभराचे आलेख समोर ठेवून ठरवला. यात खूप काही आहे अशातला भाग नाही, पण काका, असे आकडे साठ-सत्तर आहेत.

आणि आता छपराची गोष्ट, जी मी सगळ्यांना सांगत नाही.

छप्पर ओढायला मी सरकत्या फाटकाची मोटर वापरली. बरेच जण तेच करतात, दातेरी पट्टी, गिअर, ताकद भरपूर. एका रात्री वीज क्षणभर गेली आणि आली. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, माउंटही होता, मोटर नव्हती, कारण छप्पर उघडलेलंच तर आहे, तिला आत्ता कशाला बॅकअप, असं माझं डोकं. वीज परत आल्यावर मोटरच्या बोर्डाला काही आठवेना की आपण उघडे की बंद, आणि अशा वेळी ते शहाण्यासारखं फाटक लावून घेतं. फाटकाच्या बाबतीत बरोबरच आहे, फाटकासाठी बंद म्हणजे सुरक्षित. पण दुर्बीण नाक वर करून उभी असताना छपरासाठी बंद म्हणजे काय, तर तीनशे किलो पत्रा आणि अँगल सावकाश, अजिबात घाई न करता, तिच्या तोंडावर येऊन टेकतात. आवाज फारसा झाला नाही. सकाळी गेले तर नळीच्या तोंडाला पोचा, माउंटचा क्लच घसरलेला, आरसे एकमेकांकडे बघायचे सोडून भलतीकडे बघतायत, आणि कॉम्प्युटर इमानेइतबारे छपराच्या आतल्या बाजूचे फोटो काढत बसलेला. सत्तेचाळीस फोटो. तारा सापडत नाही म्हणून गायडिंग बंद पडलेलं, फोकस सहा वेळा करून बघितलेला, पण "तारा सापडला नाही तर थांब" ही एका ओळीची सूचना मी दिलेली नव्हती, त्यामुळे तो बिचारा थांबला नाही.

नवरा म्हणाला, "पत्र्याचे फोटो शार्प आलेत का?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

त्यानंतर मी महिनाभर एकही फोटो काढला नाही, नुसती वायरिंग केली. मोटरच्या बोर्डावरचं आपोआप बंद होणं काढून टाकलं. दुर्बीण आडवी होऊन, मान खाली घालून आपल्या जागी बसली की नळीवरचं चुंबक भिंतीतल्या रीड स्विचसमोर (चुंबक जवळ आलं की लागणारा स्विच) येतं, आणि तो स्विच लागल्याशिवाय मोटरला वीजच जात नाही. सॉफ्टवेअर कितीही म्हणो की दुर्बीण पार्क झालीये. सॉफ्टवेअरला वाटणं आणि असणं यातला फरक कळत नाही, चुंबकाला कळतो. पावसाचा सेन्सर आणि छपराच्या टोकांचे स्विच असे जोडले की सगळं ठीक असताना त्यातून करंट वाहतो, म्हणजे उद्या उंदराने वायर कुरतडली तरी सिस्टिमला ती गडबडच वाटेल, सगळं आलबेल नाही वाटणार. आणि त्या चुंबकाच्या स्विचचंही तसंच, तो लागला तरच करंट जातो, त्यामुळे तिथली वायर तुटली तर छप्पर हलणारच नाही.

मग पावसाच्या सेन्सरने छळलं. तीन स्वच्छ रात्री, लागोपाठ, पहाटे अडीच-तीनच्या सुमारास "पाऊस" म्हणून छप्पर बंद. चौथ्या रात्री मी टॉर्च घेऊन सेन्सरशेजारी स्टूल टाकून बसले. अडीचला त्याच्या पट्टीवर दव धरायला लागलं, आधी नुसता धूसर श्वास टाकल्यासारखा थर, मग टिपके, मग दोन टिपके एकमेकांना भेटले आणि टक, रिले (सिस्टिमला "पाऊस" कळवणारा स्विच) पडला. पट्टीखाली एक छोटा रेझिस्टर चिकटवून ती जराशी कोमट ठेवली, प्रश्न मिटला.

पण एक प्रश्न मिटला नाही आणि तो मिटणारही नाही. समजा खरा पाऊस आला, आणि त्याच वेळी माउंट अडकला, दुर्बीण खाली यायला तयार नाही. छप्पर लावायचं की नाही? लावलं तर दुर्बीण मोडते, नाही लावलं तर भिजते. भिंती आणखी चाळीस सेंटिमीटर उंच बांधल्या असत्या तर छप्पर कुठल्याही स्थितीत वरून निघून गेलं असतं आणि हा प्रश्नच आला नसता (बांधणार असाल तर भिंती उंच बांधा, एवढं तरी माझ्याकडून घ्या). आता मी ठरवलंय की अशा वेळी छप्पर लावायचं नाही, माझ्या उशाशी भोंगा वाजवायचा. दोन वर्षांत दोनदा वाजला. पहिल्यांदा ताडपत्री घेऊन धावले, दुसऱ्यांदा ताडपत्री सापडली नाही तर अंगावरची चादर घेऊन.

उरलं दिवसाचं काम. एका लक्ष्याचे शंभर-दीडशे फोटो येतात, त्यातले ढगाचे, वाऱ्याचे मी काढून टाकते, उरलेले एकत्र करताना उपग्रहांच्या रेघा सॉफ्टवेअरच गाळतं. फोटो चौपट केले की गोंगाटाच्या, म्हणजे फोटोतल्या दाणेदार खरखरीच्या मानाने सिग्नल, म्हणजे खरा प्रकाश, फक्त दुप्पट होतो, त्यामुळे "अजून एक रात्र" हा मोह संपत नाही. कुठे थांबायचं, काळं किती काळं ठेवायचं, हायड्रोजनचा लाल किती ओढायचा, हे मीच ठरवते आणि चुकतेही. माझा जुना देवयानीचा फोटो बघितलात तर तुम्हाला वाटेल दीर्घिकेला कावीळ झालीये.

देवयानी दीर्घिकेवरून आठवलं. हौशी लोकांनी सगळ्यात जास्त फोटो काढलेली दीर्घिका असेल ती. तरी २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं की तिच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशात एक भलीमोठी कमान आहे, जी तोवर कुणाच्याच लक्षात आली नव्हती. सापडवली ती हौशी लोकांनीच, यान सेंटी, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर यांनी. ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा तो ऑक्सिजनचा फिल्टर आमच्यापैकी कितीतरी जणांच्या डब्यात पडलेला असतो. पण देवयानीवर तो तासन्‌तास कोण लावणार? दीर्घिकेला आम्ही हायड्रोजनचा फिल्टर लावतो, तो लाल ठिपके काढतो, दिसायला छान दिसतं. कॅमेऱ्याला काय, सांगाल तिकडे बघेल. मी त्याला ऑक्सिजन लावून तिकडे बघायला सांगितलं नव्हतं, त्यांनी सांगितलं. काका, माझं उत्तर विचाराल तर साधारण इथे कुठेतरी आहे.

आणि झोपेचं म्हणाल, तर झोपते मी, पण पूर्ण नाही. पहाटे छप्पर परत येतं तेव्हा रुळावरचा घरघर आवाज भिंतीतून ऐकू येतो, बावीस सेकंद, आणि शेवटी टोकाचा स्विच लागतो त्याची एक टक. ती टक झोपेत मोजली जाते. काल घरघर आली, टक आलीच नाही. चपला घालून गेले तर छप्पर चार बोटं उघडं, मोटर जोर लावून थकून थांबलेली, आणि रुळात एक गोगलगाय. तिला उचलून बाजूला ठेवली, छप्पर हाताने ढकललं, टक. आता चाकांच्या पुढे ब्रश लावायचेत, म्हणजे आकडा एकाहत्तरावा, ब्रश रुळापासून किती मिलिमीटर वर.