बेस वर आणावा का?

मी बेस गिटार, म्हणजे खालच्या, जाड सुरांची गिटार, वाजवतो हे कळलं की मेटल (जड गिटारचं रॉक संगीत) ऐकणारी माणसं हमखास विचारतात, मेटॅलिका या अमेरिकी बँडच्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बमचं बेस वाढवलेलं व्हर्जन ऐकलंत का? आणि पाठोपाठ खरा प्रश्न येतो. चाहत्यांनी हे करावं का? इतक्या गाजलेल्या अल्बमला हात लावायचा आपल्याला काय अधिकार?

तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या मते करावं. पण जे वाजवलं गेलं आणि आपल्या कानापर्यंत पोचलंच नाही, तेवढ्यापुरतंच करावं. बँडने ठरवून जे केलं आणि आपल्याला आवडलं नाही, ते तसंच राहू द्यावं.

सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बेसवादक क्लिफ बर्टन गेला. तो फक्त २४ वर्षांचा होता. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि १९८८ चा 'जस्टिस' हा त्याचा बँडसोबतचा पहिला पूर्ण अल्बम. त्यात ड्रम्स कोरडे, गिटार अगदी तोंडासमोर, आणि बेस जवळजवळ नाहीच. कॅसेटवर ऐकताना आम्ही बेसचा नॉब शेवटपर्यंत फिरवायचो. गिटारच आणखी जाड व्हायची.

अल्बमचं मिक्सिंग, म्हणजे वाद्यांचे आवाज एकमेकांत जुळवायचं काम, करणाऱ्या स्टीव्ह थॉम्प्सन यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं की बेस खाली घ्यायला बँडकडूनच सांगितलं गेलं होतं. आपण बेस रेकॉर्ड केला तेव्हा बँडमधलं कुणीच स्टुडिओत नव्हतं, असं न्यूस्टेडने सांगितलंय. मला हे वाचून फार वाईट वाटतं. मित्र गमावलेली पोरं होती, त्यांच्या मनात काय चाललं असेल हे मी समजू शकतो. पण नव्या माणसाने प्रामाणिकपणे वाजवलेलं काम गाडलं गेलं, हेही तितकंच खरं.

पुढे संगीताच्या व्हिडिओ गेम्समुळे या अल्बममधल्या काही गाण्यांचे एकेका वाद्याचे सुटे ट्रॅक लोकांच्या हाती लागले. कुणी त्यातला बेस वर आणला, कुणी स्वतः वाजवून मिसळला. ऐकल्यावर काय कळतं? लपलेली एखादी वेगळी चाल सापडेल अशी आशा असेल तर ती सोडा. न्यूस्टेड बहुतेक ठिकाणी बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डच्या रिदम गिटारला चिकटून तेच रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) वाजवतो. बेस बुडण्याचं हेही एक कारण आहे, कारण दोन्ही वाद्यं एकाच जागेसाठी भांडतात. पण 'ब्लॅकन्ड' ऐका. गाण्याच्या श्रेयात न्यूस्टेडचंही नाव आहे. बेस वर आल्यावर त्या रिफला वजन येतं, ड्रम्सचा टकटकाट मागे सरतो आणि चार माणसं एका खोलीत वाजवताहेत असं पहिल्यांदा वाटतं. २०१८ मध्ये अल्बम रीमास्टर होऊन, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज सुधारून, आला तेव्हा बँडने बेस होता तिथेच ठेवला. त्यांचा अल्बम, त्यांचा निर्णय, मला मान्य आहे. पण म्हणूनच चाहत्यांचं काम मोलाचं वाटतं.

मेटॅलिकाच्याच २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमचं तर सरळ आहे. सीडीवर आवाज इतका दाबून मोठा केला होता की तो फाटत होता, आणि 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी मोकळी वाजत होती. चाहत्यांनी गेममधल्या ट्रॅकवरून अल्बम पुन्हा बांधला. त्यात सूर, शब्द, क्रम काहीच बदललं नाही. फक्त मोडतोड काढली. याला कुणी विरोध का करावा, मला कळत नाही.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते 'स्माइल'. बीच बॉइज या अमेरिकी बँडचा ब्रायन विल्सन आणि गीतकार व्हॅन डाइक पार्क्स १९६६-६७ मध्ये हा अल्बम घडवत होते. गाणी छोट्या छोट्या तुकड्यांत रेकॉर्ड झाली होती, पुढे ती जुळवायची होती. विल्सन खचला, काम थांबलं, आणि त्याऐवजी 'स्मायली स्माइल' आला. मग ते तुकडे चोरट्या टेपांवरून फिरायला लागले. चाहते वर्षानुवर्षं आपापला क्रम लावत राहिले, एकमेकांशी वाद घालत राहिले. २००४ मध्ये विल्सनने अखेर तो पुरा केला आणि लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजवला. तुकडे जुळवायला त्याला मदत करणारा त्याच्या बँडमधला डॅरियन सहानाजा हा स्वतः त्या संगीतावर वाढलेला. २०११ मध्ये जुनी रेकॉर्डिंग्ज अधिकृतपणे आली, तीही २००४ च्या क्रमाला धरून. इतकी वर्षं या अल्बमची आच टिकवली ती ऐकणाऱ्यांनी.

याउलट बीटल्सच्या १९६८ च्या 'व्हाइट अल्बम'मधली ३० गाणी छाटून एकाच रेकॉर्डवर बसवायचा खेळ मला पटत नाही. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनाही एकच रेकॉर्ड हवी होती, हे खरं. पण 'रेव्होल्यूशन ९' काढून पाहा. आठ मिनिटांच्या त्या गदारोळानंतर ड्रमर रिंगोच्या आवाजात 'गुड नाइट' येतं, म्हणून ते इतकं मऊ लागतं. आधीचं काढलं की उरतं फक्त एक गोड अंगाईगीत. तसंच मेटॅलिकाच्या 'सेंट अँगर' अल्बमचं. २००३ मधला तो पत्र्याच्या डब्यासारखा स्नेअर ड्रम मलाही सोसत नाही, पण तुटायला आलेला बँड तेव्हा तसाच वाजत होता. त्यावर गुळगुळीत ड्रम्स चढवले की ती वेळच पुसली जाते.

आता तर सुट्या ट्रॅकांचीही गरज उरलेली नाही. तयार गाण्यातून बेस, ड्रम्स, गळा वेगळा काढणारी सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर चालतात. २०२२ मध्ये बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चं नवं मिक्स जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी अशाच तंत्राने केलं. तेव्हा करून बघायचंच असेल तर फाइलच्या नावात काय बदललं ते स्पष्ट लिहा, आणि मूळ अल्बम पुसू नका. सुरुवात 'जस्टिस'मधल्या 'टू लिव्ह इज टू डाय'पासून करा. बर्टनच्या मागे राहिलेल्या सुरावटींवर ते गाणं उभं आहे, आणि त्यातही बेस दबलेलाच आहे.