नाव काही आलं नाही

सोमवार, रात्री उशिरा

प्रश्न साधा होता, मला उत्तर आलं नाही, एवढंच झालं. इतक्याशा गोष्टीवर कुणी झोप घालवतं का? मी घालवते आहे.

चवथीच्या दुसऱ्या दिवशीचा वाद. दर वर्षी होतो. जेवणं उरकली, माणसं सोप्यावर टेकली आणि दादाने सुरुवात केली, हल्लीच्या सिनेमात राम उरला नाही. गोष्ट नाही, गाणी नाहीत, नट सगळे एकाच जिममधून बाहेर पडल्यासारखे. 'सामना' बघा, 'सिंहासन' बघा, 'जैत रे जैत' बघा. ही तीन नावं त्याच्या तोंडून याच क्रमाने येतात. त्यावर त्याचा धाकटा म्हणाला, बाबा, त्या वर्षांत आणखी किती सिनेमे आले नि गेले, त्यातली चार पडलेली नावं सांगा की. आणि तुमचा तो लाडका 'अशी ही बनवाबनवी', १९८८ चा, तोही हिंदीतल्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला. दादा जरा गप्प झाला. मग म्हणाला, कुणाचा का असेना, हसलो ते आम्ही. मला वाटतं या विषयावर आमच्या घरात कुणी बोललेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. पण ते तिथेच पडून राहिलं, कारण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, तिला विचारा ना, घरातली सिनेमावाली ती.

धाकटा माझ्याकडे वळला. "आते, तुका आवडिल्लो निमाणो सिनेमा खंयचो?" म्हणजे अलीकडे शेवटचा आवडलेला सिनेमा कुठला.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. एकही नाव नाही. सगळे बघतायत आणि मी गणपतीवर टांगलेल्या माटोळीतल्या आंबाड्यांच्या घोसाकडे बघते आहे. मग वहिनी नेवऱ्यांचं ताट घेऊन आली, विषय घराच्या कौलांवर गेला, आणि कौलांवरून जिथे जाऊ नये तिथे गेला. ते इथे लिहीत नाही.

धाकट्याला ते आठवतही नसेल. मला मात्र त्या दुपारपासून तेच. नाव का आलं नाही?

मंगळवार

याच घरात मला सिनेमाचं वेड आहे म्हणून बोलणी बसत. म्हापशाच्या अलंकारला नवीन पोस्टर लागलं की बसच्या खिडकीतून आधी मला दिसायचं. पणजीला गेलं की अशोक किंवा सम्राट, नाहीतर नॅशनल. तिकीट मिळालं नाही तर बाहेरच्या काचेच्या पेटीतले फोटो बघून अर्धा सिनेमा मनात जुळवायचा. संगीत कुणाचं, गीतं कुणाची, संकलन कुणाचं, सगळं मला पाठ. ती मी, आणि मला एक नाव सुचू नये?

दादाचं म्हणणं मान्य केलं तर प्रश्न लगेच मिटतो. चांगले सिनेमे येत नाहीत, म्हणून नाव आलं नाही. हे उत्तर इतकं सोयीचं आहे की त्यावर विश्वास बसत नाही.

दुसरं उत्तर सोयीचं नाही. सिनेमे येतात, मीच कुठे जात नाही. कुणाबरोबर जायचं? ज्याच्याबरोबर जायची त्याच्याबद्दल या वहीत लिहायचं नाही असं ठरलेलं आहे. मैत्रिणींचे गुडघे. भाचरं त्यांची त्यांची जातात, जाऊन आल्यावर कळतं. आता मला सिनेमाला कुणी बोलवत नाही, आवडनिवड विचारतात ती फक्त वाद सोडवायला. एवढं लिहून वाचलं आणि माझाच मला कंटाळा आला. पुरे.

मंगळवार, त्यानंतर

रात्री दोन वाजता नावं आली. एकदम, भराभर. 'कोर्ट'. 'फँड्री'. 'पळतडचो मनीस'. 'नाचूं-या कुंपासार'. म्हणजे होती. दुपारी कुठे गेली होती?

'कोर्ट' २०१४ चा. चैतन्य ताम्हाणेचा पहिलाच मोठा सिनेमा, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक. मी तो मोबाईलवर बघितला, कानात इअरफोन घालून, घर झोपल्यावर. त्यात एक सरकारी वकील बाई आहे, गीतांजली कुलकर्णीने केलेली. एका म्हाताऱ्या शाहिराला आत ठेवण्यासाठी ती कोर्टात कायद्याची कलमं खडाखडा वाचते, आणि मग घरी येऊन स्वयंपाक करते, पोरांचं बघते, सगळ्यांना घेऊन नाटकाला जाते. ती दुष्ट नाही. सिनेमा तिला एकदाही दुष्ट दाखवत नाही. ती कुणाचीही वहिनी असू शकेल, माझीसुद्धा, आणि खरं तर मीसुद्धा. कॅमेरा लांब उभा राहून बघतो, जवळ जाऊन कुणाचे डोळे दाखवत नाही, खाली दुःखाची व्हायोलिनं वाजत नाहीत. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, अंधार होतो. मी इअरफोन काढायला हात वर नेला तर सिनेमा संपलेलाच नाही. न्यायाधीश सहलीला गेलेत, बाकावर डुलक्या घेतायत.

'सिंहासन'च्या शेवटी निळू फुल्यांचा तो पत्रकार वेड्यासारखा हसत सुटतो. १९७९ साल. ते हसू अंगावर येतं, आजही. पण तो आपल्या वाटचं हसून घेतो, आणि आपण मोकळे होऊन घरी येतो. 'कोर्ट'मध्ये आपल्या वाटचं कुणीच काही करत नाही. श्रेष्ठ कुठला ते मला ठरवता येणार नाही आणि ठरवायचंही नाही. पण दादाने 'सिंहासन' म्हटलं तेव्हा समोर ठेवायला माझ्याकडे हे होतं. होतं!

मग नाव का आलं नाही? पुन्हा तेच.

बहुतेक असं आहे. 'कोर्ट' संपल्यावर मी दिवा लावला, पाणी प्यायले, कुलूप लागलंय का बघितलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. कुणाशी वाद घातला नाही. 'सिंहासन'वर मात्र आजवर किती बोलले असेन. दादाशी, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. बोलून बोलून ते नाव जिभेला सरावलं. 'कोर्ट' हा शब्द सिनेमा म्हणून मी तोंडाने उच्चारलाय का कधी? आठवत नाही. परीक्षेत लेखी येतं आणि तोंडी येत नाही, तसलं काहीतरी माझं झालं.

'पळतडचो मनीस' हा कोंकणी सिनेमा मात्र चारचौघांत बघितला होता, पणजीच्या कला अकादमीत. लक्ष्मीकांत शेटगावकरांचा, २००९ चा, महाबळेश्वर सैलांच्या कादंबरीवरचा. टोरोंटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला होता. रानातला एकटा वनरक्षक, त्याच्या दाराशी येणारी एक वेडी बाई, आणि गाव. बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर कुणी फारसं बोललं नव्हतं. मांडवीवरून वारा येत होता आणि सगळे गाड्यांकडे निघाले होते. त्या वेळी मला ते आवडलं होतं. आता वाटतं, कुणीतरी भांडायला हवं होतं.

आणि 'श्वास'. २००४ चा, त्याच वर्षी इफ्फी, तो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला. तो पुन्हा बघायचं धाडस झालं नाही, का ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

बुधवार

आज वेगळंच आठवलं. तेव्हा आमच्याकडे सिनेमा यायचा तो मुंबई-पुण्यात फिरून फिरून, दमून. मोजक्या प्रिंटा, त्या या थेटरातून त्या थेटरात. आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर फिल्मवर ओरखड्यांचा पाऊस पडलेला, सांधे जोडलेले, कुठे गाण्याचं कडवं गेलेलं, कुठे सबंध प्रसंग. लहानपणी पाहिलेल्या एका सिनेमात नायिका रागाने खोलीत जाते आणि पुढच्याच क्षणी नायकाला चहा देत असते. मला ते फार आवडलं होतं. असा राग, की जो कसा गेला ते कुणालाच कळू नये! घरी येऊन मी आणि बहिणीने तो खेळूनसुद्धा बघितला. पुढे तोच सिनेमा दूरदर्शनवर पूर्ण लागला. मध्ये एक लांबलचक समजावणीचा प्रसंग होता, वर गाणं. अगदीच सामान्य. मला राग आला, माझ्या सिनेमात कुणीतरी नको ते घातलं म्हणून.

म्हणजे 'जुने सिनेमे' म्हणून मी ज्यांची बाजू घेते, त्यातले काही तर बनलेच नव्हते.

हे दादाला सांगावं का? तो म्हणेल, बघ, तुटका सिनेमासुद्धा चांगला लागायचा. त्याच्याशी वादात जिंकता येत नाही. त्याने 'माहेरची साडी'चं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. १९९१ सालचा तो सिनेमा, सगळ्या बायकांनी पदर भिजवले, आमच्याही. तो जुन्यात धरायचा की नाही? सोयीप्रमाणे.

बाबांचं तर याहून पुढचं. त्यांना सिनेमाच मान्य नव्हता. देवळासमोरच्या मांडवात रात्रभर संगीत नाटक बघितलेला माणूस. दीनानाथांचं नाव निघालं की ते मंगेशीच्या दिशेला हात करायचे. पडद्यावरच्या कुठल्याही गाण्याला त्यांचा एकच शेरा, "बरें आसा, पूण..." तो 'पूण' कधी पुरा झाला नाही.

'नाचूं-या कुंपासार' परत बघितला, आज संध्याकाळी, एकटीनेच. कोंकणी गाण्यांचे संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्यावरून सुचलेली गोष्ट. बारद्रॉय बार्रेतोचा, तोही २०१४ चा. आणि बघता बघता हसू आलं, कारण नव्या सिनेमांच्या बाजूने बोलायला मी जो उचलला त्यात मला आवडतं ते सगळं जुनं आहे. साठ-सत्तरची गाणी, ट्रम्पेट, मुंबईला गेलेले आमचे वाजवणारे. दादा ज्या हिंदी गाण्यांवर जीव टाकतो, त्यात व्हायोलिनांचा तो जो ताफा उठतो, तो बऱ्याचदा या लोकांनी कागदावर लिहून काढलेला. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. चाल संगीतकाराची, पण तिच्या मागे काय वाजायचं ते यांच्या हातचं. टायटलात बहुतेकांची नावं आलीच नाहीत. गोन्साल्विसांचं नाव घराघरांत गेलं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे, आणि गाताना लोकांना वाटत राहिलं की हा कुणी कल्पनेतला माणूस.

आता सिनेमाच्या शेवटी नावं येतात ती चहा देणाऱ्यापर्यंत येतात. मात्र ती वाचायला कुणी थांबत नाही, मोबाईलवर तर पुढचा सिनेमा आपोआप सुरू होतो. मीही थांबले नव्हते. आज थांबले. वेळ होता म्हणून, त्यात थोरपणा काही नाही.

गुरुवार

पणजीत एक मराठी सिनेमा लागतो आहे उद्यापासून. एकच खेळ, तोही सकाळी पावणेअकराचा, म्हणजे ज्यांना नोकरी नाही आणि ज्यांच्या घरी कुकर लावायला दुसरं कुणी आहे अशांसाठी. सोमवारपर्यंत टिकला तर नशीब. परीक्षण वाचलं नाही, मुद्दामच. वहिनीला फोन केला.

"रडायचा आहे की हसायचा?" ती म्हणाली. "रडायचा असला तर मी नाही. घरी कमी आहे का."

"ठाऊक नाही गो."

"ठाऊक नसताना तिकीट काढतेस?"

"पूर्वी कुठे ठाऊक असायचं?"

"पूर्वी तिकीट तेवढं नव्हतं," ती म्हणाली, आणि हे तिचं बरोबर आहे. मग विचारलं, आत बटाटवडा मिळतो का. मिळतो, पण किंमत सांगितली तर ती येणार नाही, म्हणून सांगितली नाही. दोन तिकिटं काढली. कडेच्या खुर्च्या, तिला मध्येच उठावं लागतं.